सौजन्य कोणाचे? एका सोसायटीच्या झेंडावंदनाचे प्रकरण

मुंबईच्या पूर्व उपनगरात, भांडुप स्थानकापासून पायी बारा मिनिटांवर, तीन विंगांची आणि ७२ बिऱ्हाडांची आमची जुनी सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. २०२४ साली मी तिची मानद सचिव होते. त्या वर्षी १ मे रोजीच्या, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या झेंडावंदनावरून आमच्याकडे तीन आठवडे वाद चालला. तो वर्तमानपत्रात येण्याइतका मोठा नव्हता. पोलीस आले नाहीत की कोणी कोर्टाची पायरी चढले नाही. पण त्या वादात पडलेला प्रत्येक जण एकच वाक्य म्हणत होता, "झेंड्यात राजकारण नको", आणि त्या एका वाक्यातून प्रत्येक जण दुसऱ्याच्या नेमकी उलट मागणी काढत होता. असे कसे होऊ शकते, हा प्रश्न सचिव म्हणून माझ्यासमोर आला आणि पद सोडल्यावरही मनातून गेला नाही, म्हणून इतिवृत्ताची वही समोर ठेवून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे. सदस्यांची, उमेदवारांची आणि पक्षांची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तरी प्रश्न हाच राहिला असता.

गंजलेली कप्पी आणि नवा खांब

आमच्याकडे वर्षातून तीनदा झेंडावंदन होते: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. ए आणि बी विंगच्या मधल्या चौकात सिमेंटच्या चौथऱ्यावर एक लोखंडी खांब आहे. झेंडा खादीचा, ९०० बाय ६०० मिलिमीटरचा, फोर्टमधून खादीच्या दुकानातून आणलेला. तो सी विंगमधल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटात, धुतलेल्या पंच्यात गुंडाळून ठेवलेला असतो. आदल्या संध्याकाळी बाई तो बाहेर काढतात, जेवणाच्या टेबलावर पसरतात, इस्त्री फिरवतात, मूठभर पाकळ्या आत घालून घडी करतात आणि खालून एक हिसका दिला की सुटेल अशी निसरगाठ मारतात. खांबाच्या टोकावर हार-फुले लावायला ध्वजसंहिता मनाई करते, मात्र उलगडण्यापूर्वी झेंड्याच्या घडीत पाकळ्या ठेवायला तिची हरकत नाही. हा बारीक नियम बाईंना तोंडपाठ आहे. झेंडा फडकवण्याचा मान त्या वर्षी नोकरीतून निवृत्त झालेल्या सदस्याला किंवा सर्वांत वयस्कर रहिवाशाला मिळतो. पुढाऱ्याला बोलावण्याची पद्धत आमच्याकडे कधीच नव्हती, आणि तसा नियमही कुठे लिहिलेला नव्हता.

२६ जानेवारी २०२४ रोजी दोरी ओढताना कप्पी अडकली आणि झेंडा निम्म्या उंचीवर थांबला. अर्ध्यावर उतरवलेला झेंडा ही शोकाची खूण असते, त्यामुळे जमलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर अवघडलेपण आले. वॉचमनने शिडी लावली, दोरी सोडवली, राष्ट्रगीत झाले आणि चहा झाला. नंतर पाहिले तर कप्पीची आस गंजून गेली होती आणि खांबाच्या बुडाशी बोट जाईल एवढे भोक पडले होते. दुरुस्तीचा विषय कमिटीत निघाला आणि नेहमीप्रमाणे पुढे ढकलला गेला.

१६ मार्चला लोकसभा निवडणुकीची घोषणा होऊन आचारसंहिता लागू झाली. मुंबईचे मतदान २० मे रोजी होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बी विंगमधला एक तरुण माझ्याकडे आला. तो एका पक्षाचा कार्यकर्ता आहे. पाणी गेले, ड्रेनेज तुंबले, मध्यरात्री कोणाला रुग्णालयात न्यायचे झाले, तर पहिला तोच धावतो, आणि हे मी मनापासून लिहीत आहे. तो म्हणाला, "ताई, साहेबांच्या कानावर खांबाचं गेलंय. स्टीलचा नवा पंचवीस फुटी खांब, नवी कप्पी, मांडव, लाऊडस्पीकर, सगळ्यांना नाश्ता, सगळं आमच्याकडून. साहेब पाच मिनिटं येतील, झेंडा फडकवतील आणि जातील. भाषण नाही, प्रचार नाही. झेंड्यात राजकारण नको, हे आम्हालाही कळतं." जाता जाता त्याने एवढेच सांगितले की खांबाच्या चौथऱ्यावर एक लहानशी पाटी बसेल, 'सौजन्य' आणि खाली नाव.

दोन दिवसांत ए विंगमधून लेखी पत्र आले. ते लिहिणारे गृहस्थ प्रतिस्पर्धी पक्षाचे जुने समर्थक. झेंड्यात राजकारण नको, म्हणून त्या उमेदवाराला येऊ देऊ नये, आणि येऊ द्यायचेच असेल तर आमच्याही उमेदवाराला तेवढाच वेळ आणि मान द्यावा, असा पत्राचा आशय होता. आमचे खजिनदार स्वभावाने सावध. त्यांचे मत असे की झेंड्यात राजकारण नको, म्हणून आचारसंहिता असेपर्यंत झेंडावंदनच करू नये. चौथे मत बऱ्याच जणांचे होते आणि ते व्यवहाराचे होते: खांब फुकट मिळतो आहे, पाटी कोण वाचते?

'राजकीय' आणि 'पक्षीय'

या चारही मतांच्या मुळाशी एक समजूत आहे, की झेंडा हा राजकारणाबाहेर जन्माला आला आणि राजकारण नंतर बाहेरून येऊन त्याला चिकटते. ही समजूत खरी नाही. आपल्या राष्ट्रध्वजाचा ठराव जवाहरलाल नेहरूंनी २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत मांडला आणि सभेने तो स्वीकारला. त्यापूर्वी १९३१ पासून चरख्याचा तिरंगा हा काँग्रेसचा झेंडा होता. म्हणजे सर्व देशाचा झेंडा एका पक्षाच्या झेंड्यातून घडला आणि त्याचा निर्णय राजकीय सभागृहात झाला. राष्ट्रगीताचेही तसेच. 'जन गण मन' पहिल्यांदा गायले गेले ते २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात, आणि राष्ट्रगीत म्हणून त्याची घोषणा झाली ती २४ जानेवारी १९५० रोजी, संविधान सभेचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांच्या निवेदनातून. 'वंदे मातरम्'ला समान मान राहील, हेही त्याच निवेदनात आले. या दोन्ही दिवसांमागे अनेक वर्षांची चर्चा, मतभेद आणि तडजोडी होत्या. त्याला राजकारण नाही तर काय म्हणायचे?

मुंबईकराला याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. गवालिया टँकच्या मैदानावर ९ ऑगस्ट १९४२ रोजी अरुणा असफ अली यांनी झेंडा फडकवला, तेव्हा तो सत्तेविरुद्धचा उघड राजकीय उठाव होता. आणि १ मे हा दिवस तरी कुठून आला? २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील १०६ हुतात्म्यांचे स्मरण आपण आज ज्या चौकात करतो तो हाच. लढा तत्कालीन सत्ताधारी पक्षाच्या धोरणाविरुद्ध होता. संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन अशी विरोधी बाजूची मंडळी होती, आणि १ मे १९६० रोजी राज्याचा मंगल कलश आणला तो मात्र त्याच सत्ताधारी पक्षाच्या सरकारने. आज त्या चौकात सर्व पक्षांचे पुढारी पुष्पचक्र वाहतात आणि त्यात कोणालाच विसंगती वाटत नाही.

मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते सैल हाताने एकमेकांच्या जागी वापरतो: 'राजकीय' आणि 'पक्षीय'. एका राज्यात, एका कायद्याखाली आपण सर्वांनी कसे राहायचे, यासंबंधीचे ते राजकीय; त्यातील एका गटाच्या फायद्याचे ते पक्षीय. झेंडा पूर्णपणे राजकीय आहे, आणि म्हणूनच तो पक्षीय होता कामा नये. हा फरक एकदा मनाशी बसला की १९४७ सालच्या त्या ठरावातली एक गोष्ट वेगळ्या प्रकाशात दिसते. झेंड्यावरचा चरखा काढून तिथे अशोकचक्र घेतले गेले. नेहरूंनी दिलेले एक कारण अगदी व्यावहारिक होते: चरख्याचे चाक एका अंगाला आणि चाते दुसऱ्या अंगाला असते, त्यामुळे झेंड्याच्या मागच्या बाजूने पाहिले तर चित्र उलटे दिसते, राष्ट्रध्वजाचे चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखे दिसायला हवे. कारणे कोणतीही असोत, घडले ते असे की एका पक्षाची वर्षानुवर्षांची ओळख त्या कापडावरून उतरली आणि मग ते कापड सर्वांचे झाले. आमच्या खांबाच्या बाबतीत उलट दिशेचा प्रवास सुचवला जात होता. जे सर्वांचे आहे त्याच्या पायथ्याशी एका माणसाचे नाव चढवायचे, आणि त्यालाही पक्षनिरपेक्षच म्हणायचे.

कायद्याची बाजू मला वाटली होती त्यापेक्षा स्पष्ट निघाली. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ मधील तिसऱ्या उपकलमानुसार, उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने इतर कोणी, निवडून येण्याची शक्यता वाढवण्यासाठी राष्ट्रध्वज किंवा राष्ट्रचिन्ह यांसारख्या राष्ट्रीय प्रतीकांचा वापर केला, तर तो निवडणुकीतील भ्रष्ट आचार ठरतो. धर्म, जात आणि भाषा यांच्या नावाने मते मागण्याची मनाई सर्वांना माहीत असते, पण झेंडाही त्याच वाक्यात आहे हे फारसे कोणाला माहीत नसते, मलाही नव्हते. आदर्श आचारसंहितेत आणखी एक तरतूद आहे: मालकाच्या परवानगीशिवाय कोणाच्या जागेत, इमारतीवर किंवा कुंपणाच्या भिंतीवर पक्षांनी झेंड्याच्या काठ्या उभारू नयेत, फलक लावू नयेत. ती पक्षांच्या झेंड्यांसाठी आहे हे खरे, पण परवानगी देणारी मालक आमच्या बाबतीत सोसायटी होती, आणि ती परवानगी सर्व ७२ बिऱ्हाडांच्या वतीने द्यायची होती.

तरीही मी त्या तरुणाला कायदा दाखवून गप्प केले असते तर ते अर्धवट झाले असते, कारण त्याने एक युक्तिवाद असा केला की मला दोन दिवस उत्तर सुचेना. आमच्या चौकात, खांबापासून आठ-दहा फुटांवर, सिमेंटचे एक बाकडे आहे. माजी लोकप्रतिनिधीच्या निधीतून आलेले, पाठीवर ठळक अक्षरांत नाव असलेले. अशी बाकडी मुंबईच्या गल्लोगल्ली दिसतात. तो म्हणाला, "ताई, त्या बाकड्यावर दुसऱ्या पक्षाचं नाव गेली सहा वर्षं चालतंय. तुम्ही रोज संध्याकाळी त्यावर बसता. मग खांबावर आमचं नाव का नाही चालत?"

याचे जे उत्तर मी अखेर दिले ते असे. बाकडे ही सोय आहे. ती कोणी दिली याचे नाव आवडत नसेल तर माणूस त्यावर बसणार नाही, घरून खुर्ची आणेल. झेंड्यासमोर मात्र आपण सगळ्यांना उभे राहायला सांगतो, संविधानाच्या कलम ५१क प्रमाणे झेंड्याचा आदर राखणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानतो. ज्याच्यासमोर उभे राहणे कर्तव्य आहे, त्याच्या पायाशी एखाद्याचे नाव लिहिले तर उभा राहणारा त्या नावासमोरही उभा राहतो, आणि त्याला तिथून बाजूला होण्याची मुभा उरत नाही. झेंडा सौजन्याने देता येत नाही, कारण तो देणाऱ्याच्या मालकीचा कधी नसतोच. एवढे बोलून झाल्यावर मला हेही कबूल करावे लागले की बाकड्यावरचे नाव मला खटकायला हवे होते आणि इतकी वर्षे खटकले नव्हते. निधी जनतेच्या कराचा असतो. सवयीने डोळे झाकले जातात.

न गाणारी दोन मुले

याच दिवसांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश आला: "झेंडावंदनाला जे येणार नाहीत आणि जे राष्ट्रगीत म्हणणार नाहीत, त्यांची नावे लिहून ठेवावीत." लिहिणाऱ्याचा रोख सी विंगमधल्या एका कुटुंबावर होता. ते कुटुंब प्रत्येक झेंडावंदनाला येते, वेळेवर येते. पण त्यांच्या धर्मश्रद्धेनुसार ते प्रार्थना फक्त देवाची करतात आणि म्हणून राष्ट्रगीत गात नाहीत. त्यांची दोन मुले, एक सहावीत आणि एक नववीत, हात सरळ ठेवून, मान ताठ ठेवून, ५२ सेकंद निःशब्द उभी राहतात. संदेशाखाली अकरा जणांनी अंगठा दाखवला होता. त्या अकरांत खांबाच्या बाजूचे होते तसे विरोधातलेही होते.

या बाबतीत देशाचा कायदा जवळपास चाळीस वर्षांपूर्वी ठरलेला आहे. केरळमध्ये जुलै १९८५ मध्ये यहोवाज विटनेसेस पंथाच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गाण्यावरून शाळेतून काढण्यात आले. ती उभी राहत होती, गात नव्हती. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिजोए इमॅन्युएल प्रकरणात निकाल दिला की राष्ट्रगीत गायलाच हवे असा कोणताही कायदा नाही, आदराने उभे राहणारा न गाता अवमान करत नाही, आणि मुलांना शाळेत परत घ्यावे. १९७१ चा राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायदाही हेतुपुरस्सर राष्ट्रगीत गाऊ न देणे आणि गाणाऱ्या सभेत व्यत्यय आणणे याला शिक्षा सांगतो. शांत राहणे हा गुन्हा आहे असे तो म्हणत नाही. चित्रपटगृहांच्या प्रकरणातही ३० नोव्हेंबर २०१६ चा सक्तीचा अंतरिम आदेश ९ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयानेच बदलला आणि राष्ट्रगीत वाजवणे ऐच्छिक केले.

माझ्या मते, वरवर पाटीशी संबंध नसलेला हा प्रश्न त्याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. पाटीमुळे झेंडा एकाचा होतो. नावांच्या यादीमुळे तो काहींचा नाही असे ठरते. एकात झेंड्याला मालक मिळतो आणि दुसऱ्यात पहारेकरी. मुख्याध्यापिकाबाईंनी गटावर एकच उत्तर लिहिले: "मी ३४ वर्षे प्रार्थनेच्या रांगा पाहिल्या. जोरात गाणाऱ्या मुलांतली निम्मी खोड्या काढत असत." त्यानंतर त्या गटावर काही बोलल्या नाहीत, मात्र दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबाच्या घरी जाऊन, १ मे रोजी पाकळ्या खुडायला धाकट्याला पाठवा, असे सांगून आल्या.

२७ एप्रिलची सभा

शनिवारी रात्री नऊ वाजता कमिटीची सभा तळमजल्यावरच्या कार्यालयात बसली आणि सव्वाअकरापर्यंत चालली. खजिनदारांचा झेंडावंदन रद्द करण्याचा प्रस्ताव सर्वांत आधी बाजूला पडला, आणि तो बाजूला पडला हे मला महत्त्वाचे वाटते. पूर्वी सामान्य नागरिकाला ठरावीक दिवस वगळता झेंडा फडकवण्याची मोकळीक नव्हती. २००२ च्या ध्वजसंहितेने ती दिली आणि नवीन जिंदाल प्रकरणात २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सन्मानाने झेंडा फडकवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे म्हटले. एवढ्या प्रयत्नाने मिळालेला हक्क, समोर निवडणूक आहे म्हणून आपणच घडी करून कपाटात ठेवायचा, तर निवडणुकीच्या काळात झेंडा फक्त उमेदवारांच्या हातात उरेल.

दोन्ही उमेदवारांना बोलावण्याची सूचनाही मागे पडली. समान संधी म्हणून ती ऐकायला न्याय्य वाटते, पण दोन पक्षांत वाटलेली गोष्ट पक्षनिरपेक्ष होत नाही, ती द्विपक्षीय होते. आणि त्या मतदारसंघात उमेदवार दोनच नव्हते. अखेर ठरले ते असे: खांबाची दुरुस्ती सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून करायची, कोणाही उमेदवाराला निमंत्रण द्यायचे नाही, चौकात कोणताही फलक, उपरणे किंवा बिल्ला नको, झेंडा त्या वर्षी निवृत्त झालेल्या, बेस्टमधून वाहक म्हणून सेवा केलेल्या सदस्याने फडकवायचा, गाणारे गातील, न गाणारे उभे राहतील, आणि कोणी कोणाच्या ओठांकडे पाहणार नाही. हे शेवटचे वाक्य चेअरमनसाहेबांनी याच शब्दांत इतिवृत्तात घालायला लावले. राज्यगीताबद्दल एका सदस्याने विचारले की त्यातील दिल्लीच्या तख्ताची ओळ निवडणुकीच्या दिवसांत वेगळी ऐकू येणार नाही का. परंतु १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते राज्याचे अधिकृत गीत आहे आणि राजा बढे यांचे शब्द कोणत्याही उमेदवाराच्या जन्माआधीचे असू शकतात, असे कोणीतरी म्हणाले आणि विषय संपला.

घोषणांचा विषय निघाला तेव्हा अकरा वाजून गेले होते. मुंबईत प्रत्येक घोषणेला आता एक पत्ता चिकटला आहे. 'जय हिंद', 'भारत माता की जय', 'वंदे मातरम्', 'जय महाराष्ट्र', 'जय भीम' यांतली एकही घोषणा मुळात कोणा एका पक्षाची नाही, पण ती कोणी दिली यावरून ऐकणारा देणाऱ्याचे मत ओळखू पाहतो. सगळे थकले होते. घोषणाच नकोत, असे ठरले आणि मीच ते लिहून घेतले.

१ मे

नवी पितळी कप्पी, नायलॉनची दोरी, बुडाशी वेल्डिंग आणि रंगाचे दोन हात, असा एकूण ६,४०० रुपये खर्च आला. बुधवारी सकाळी सात वाजता साठ-पासष्ट माणसे जमली. निवृत्त वाहकांनी एकच हिसका दिला, गाठ सुटली, पाकळ्या त्यांच्याच डोक्यावर पडल्या. राष्ट्रगीत झाले, राज्यगीत झाले. ती दोन मुले आईबरोबर दुसऱ्या रांगेत होती. त्यांच्याकडे कोणी पाहत होते का, हे मी पाहायचे नाही असे स्वतःला बजावले होते. तो तरुण पांढऱ्या सदऱ्यात, उपरण्याशिवाय आला होता.

राज्यगीत संपल्यावर जी शांतता झाली ती मला अजून आठवते. बी विंगमधले ८४ वर्षांचे एक आजोबा, ज्यांचे थोरले बंधू संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तुरुंगात गेले होते, मूठ अर्धी वर उचलून इकडे तिकडे पाहत राहिले. कोणी काही म्हणेना. मग त्यांनी हात खाली घेतला. नंतर चहाच्या वेळी ते मला म्हणाले, "अहो ताई, आजच्या दिवशी जय महाराष्ट्र म्हणायचं नाही, हे कोणी ठरवलं?" मी ठरवले, असे सांगण्याचे धैर्य मला त्या क्षणी झाले नाही, संध्याकाळी घरी जाऊन सांगितले.

घोषणाबंदीचा तो निर्णय चुकीचा होता असे माझे आता स्पष्ट मत आहे. एखाद्या पक्षाने सर्वांचा शब्द आपलासा केला, म्हणून बाकीच्यांनी तो बोलायचे सोडले, तर तो शब्द खरोखरच त्या पक्षाचा होतो. खजिनदारांचा झेंडावंदन रद्द करण्याचा प्रस्ताव आम्ही ज्या कारणासाठी नाकारला, तीच चूक दोन तासांनी आम्ही घोषणेच्या बाबतीत केली.

दुसरी गोष्ट दुपारी कळली. त्या तरुणाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर आमच्या झेंडावंदनाचा फोटो होता: खांब, झेंडा, आम्ही सगळे उभे, आणि भोवती पक्षाच्या रंगांची तयार चौकट, कोपऱ्यात उमेदवाराचा हसरा चेहरा. पाटी खांबावर बसली नाही, ती फोटोवर बसली. योगायोग असा की त्याच फोटोत डाव्या कडेला बाकड्यावरचे दुसऱ्या पक्षाचे नावही स्पष्ट वाचता येत होते. मी त्याला फोन केला. तो चिडला नाही, दुखावला गेला. म्हणाला, "ताई, झेंडा माझाही आहे ना? मग माझ्या फोनवर मी का नाही लावायचा?" मी म्हटले, "झेंडा लाव. चौकट काढ. त्यात बाकीच्या साठ माणसांचे चेहरे आहेत, त्यांना कोणी विचारलं नाही." रात्री पाहिले तर फोटो होता, चौकट नव्हती.

सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हे सारे पुन्हा चर्चेला आले. पाटी, फलक आणि उमेदवार यांबद्दलचे एप्रिलमधले ठराव कायम झाले. घोषणांचा ठराव मी स्वतः मागे घेण्याची सूचना मांडली आणि आजोबांनी तिला अनुमोदन दिले. सदस्याने स्वतःच्या फोनवर काय लावावे यावर सोसायटीला नियम करता येणार नाही, असे चेअरमनसाहेब म्हणाले आणि ते बरोबर आहे. तेवढा मुद्दा मोकळाच राहिला. बाकड्यावरचे नाव रंगाने पुसावे, हा माझा ठराव मात्र १९ विरुद्ध ३१ मतांनी फेटाळला गेला. तडजोड म्हणून पाच जणांनी ते बाकडे उचलून सी विंगच्या मागे, बदामाच्या झाडाखाली नेऊन ठेवले. चौकात आता त्याच्या चार पायांचे चौकोनी डाग आहेत, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी झेंडावंदनाला घरोघरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणाव्या लागतात.